इतो, मिदोरी

(१३ ऑगस्ट १९६९ – ). जपानी फिगर स्केटिंगपटू. महिला एकेरीत जागतिक अजिंक्यपद मिळवणाऱ्या पहिल्या आशियाई खेळाडू (पॅरिस, १९८९), आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिंपिकच्या रौप्यपदकविजेत्या (१९९२) आणि स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल (हवेत साडेतीन फेऱ्यांची उडी) पूर्ण करणाऱ्या पहिल्या महिला. जन्म आइची प्रांतातील नागोया येथे. ‘मिदोरी’ म्हणजे हिरवा. हे नाव कांजीत (चिनी चित्राक्षरांत) न लिहिता हिरागाना लिपीत लिहिले जाते. उंची सुमारे १४५ सेंमी.

नागोयातल्या रिंकवर अगदी लहान वयात त्यांची गाठ प्रशिक्षक माचिको यामादा यांच्याशी पडली. आईवडील विभक्त झाल्यावर, साधारण दहाव्या वर्षापासून, त्या यामादा यांच्या घरीच राहू लागल्या. कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत (हंगाम १९८३-८४) त्यांना कांस्यपदक मिळाले. त्याच हंगामात ओटावाच्या वरिष्ठ जागतिक स्पर्धेत त्या सातव्या आल्या. राष्ट्रीय विजेतेपद १९८५ ते १९९२ सलग आठ वेळा आणि पुढे १९९६ मध्ये एकदा, असे एकूण नऊ वेळा त्यांच्याकडे राहिले. दुखापतीमुळे १९८५ ची जागतिक स्पर्धा हुकली. नंतरचे क्रमांक असे : जिनीव्हा १९८६ – अकरावा, सिनसिनाटी १९८७ – आठवा, बुडापेस्ट १९८८ – सहावा. हे आकडे मात्र सुटे वाचून चालत नाहीत. त्या काळच्या गुणपद्धतीत उड्या मारण्याआधीच स्पर्धेचा बराचसा निकाल लागलेला असे.

सक्तीच्या आकृत्या : १९९० पर्यंत एकेरी स्पर्धेचे तीन भाग होते : सक्तीच्या आकृत्या, लघु कार्यक्रम (ठरवून दिलेल्या घटकांचा, छोटा) आणि मुक्त कार्यक्रम (स्वतः रचलेला, लांब). आकृत्यांचा पाया इंग्रजी आठचा आकडा. एका पायावर वर्तुळ काढायचे, दुसऱ्या पायावर शेजारचे, आणि तीच रेघ एकूण तीनदा गिरवायची. वर्तुळाचा व्यास स्केटरच्या उंचीच्या साधारण तिप्पट धरत. म्हणजे इतो यांच्यासाठी जेमतेम सव्वाचार-साडेचार मीटर. संगीत नाही, वेग नाही. खेळाडू बाजूला झाला की परीक्षक स्वतः बर्फावर उतरून, वाकून रेघा तपासत. पात्याच्या तळाला मध्ये खोबण असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा. शरीर कललेले असेल तर एकाच धारेची बारीक रेघ उमटते. तोल क्षणभर सरळ झाला की दोन्ही धारा टेकतात आणि बर्फावर समांतर जोडरेघ दिसते. ती चूक लपवता येत नाही. वळणाच्या जागी धार उशिरा बदलणे, वर्तुळ लांबट होणे, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची रेघ पहिलीपासून बोटभर सरकणे, हे नेहमीचे दोष. ताकद आणि वेग हेच भांडवल असलेल्या स्केटरला हा भाग जड जातो. इतो यात बहुधा सहाव्या ते दहाव्या क्रमांकाच्या आसपास असत.

गुणांचा हिशेब क्रमांकांवर चाले आणि बेरीज जितकी कमी तितके चांगले. १९८८ मध्ये आकृत्यांच्या क्रमांकाला ०.६ ने, लघु कार्यक्रमाच्या क्रमांकाला ०.४ ने आणि मुक्त कार्यक्रमाच्या क्रमांकाला १.० ने गुणत. कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये इतो अनुक्रमे दहाव्या, चौथ्या व तिसऱ्या होत्या : ६.० + १.६ + ३.० = १०.६, एकूण क्रमांक पाचवा. त्या मुक्त कार्यक्रमात त्यांनी पाच प्रकारच्या मिळून सात ट्रिपल (तीन फेऱ्यांच्या) उड्या पूर्ण केल्या आणि प्रेक्षागार उभे राहिले. आकृत्या वगळून तीच बेरीज केली, तर कांस्यविजेत्या डेबी टॉमस यांच्या ४.८ पुढे इतो यांचे ४.६ येतात, म्हणजे तिसरा क्रमांक. अर्थात आकृत्या नसत्या तर इतरांनीही वेगळी तयारी केली असती, म्हणून या वजाबाकीवर फार भार टाकू नये.

आकृत्या बंद करण्याचा निर्णय १९८८ मध्ये झाला आणि शेवटच्या दोन हंगामांत गुणक ०.४, ०.६ व १.० असे बदलले. पॅरिसला (१९८९) इतो आकृत्यांत सहाव्या, उरलेल्या दोन्ही भागांत पहिल्या : एकूण ४.०, आणि विजेतेपद. मुक्त कार्यक्रमात नऊपैकी पाच परीक्षकांनी तांत्रिक गुण पूर्ण ६.० दिले. याआधी एकेरीत जपानची मजल मिनोरू सानो (१९७७) आणि एमी वातानाबे (१९७९) यांच्या कांस्यपदकांपर्यंतच गेली होती. हॅलिफॅक्सला (१९९०) चित्र उलटे झाले. इतो उरलेल्या दोन्ही भागांत पुन्हा पहिल्या, पण आकृत्यांत दहाव्या : ४.० + ०.६ + १.० = ५.६. विजेत्या ठरलेल्या अमेरिकेच्या जिल ट्रेनरी आकृत्यांत पहिल्या, पुढे पाचव्या व दुसऱ्या : ५.४. आकृत्यांत नववा क्रमांक मिळाला असता तर इतो यांची बेरीज ५.२ होऊन अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले असते. जागतिक स्पर्धेत आकृत्या काढल्या गेल्या त्या याच वेळी शेवटच्या.

ट्रिपल ॲक्सल आणि त्याचे कालनिर्णय : नॉर्वेचे ॲक्सल पॉल्सेन यांनी १८८२ मध्ये व्हिएन्नात दाखवलेली ही उडी त्यांच्या नावाने ओळखली जाते. प्रमुख उड्यांपैकी हीच एक पुढे तोंड करून घेतात. उतरायचे मात्र इतरांसारखेच मागे तोंड करून. त्यामुळे प्रत्येक ॲक्सलमध्ये अर्धा फेरा जास्त भरतो आणि ट्रिपलचे साडेतीन फेरे (१,२६० अंश) होतात. पुरुषांत हा पहिल्यांदा कॅनडाच्या व्हर्न टेलर यांनी १९७८ च्या जागतिक स्पर्धेत केला.

इतो यांच्या पहिल्या यशाच्या तीन तारखा आढळतात. जपानी नोंदींप्रमाणे ऑक्टोबर १९८८ मध्ये आइची प्रांताच्या स्थानिक स्पर्धेत त्यांनी तो पूर्ण केला. आंतरराष्ट्रीय नोंदवह्या नोव्हेंबर १९८८ ची एनएचके ट्रॉफी (जपानमधली आंतरराष्ट्रीय स्पर्धा) धरतात. लोकप्रिय लेखनात अधूनमधून मार्च १९८९ चे पॅरिस येते. यांतली तिसरी तारीख फक्त ‘जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पहिला’ या अर्थाने बरोबर आहे. पहिल्या दोघींत खरा विरोध नाही. प्रश्न ‘स्पर्धा’ कशाला म्हणायचे एवढाच. स्थानिक स्पर्धाही रीतसर परीक्षकांपुढे होते हे लक्षात घेता ऑक्टोबरची तारीख ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र आंतरराष्ट्रीय विक्रम म्हणून एनएचके ट्रॉफीचाच उल्लेख करणे योग्य.

डावीकडे फिरणारा स्केटर ही उडी डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवरून घेतो. उजव्या पायाच्या मागच्या बाहेरच्या धारेवरून येत डाव्या पायावर पुढे पाऊल टाकायचे, गुडघा खोल वाकवायचा, आणि उजवा पाय व दोन्ही हात मागून पुढे व वर एकाच झटक्यात न्यायचे. इतर काही उड्यांसारखा मोकळ्या पायाच्या पात्याच्या टोकाचे दाते रोवून आधार घेता येत नाही. सगळी उंची त्या एका गुडघ्यातून आणि झोक्यातून काढावी लागते. हवेत सेकंदाच्या साधारण दोनतृतीयांश एवढाच वेळ मिळतो. वजन लगेच उजव्या बाजूवर घेऊन हात छातीशी आवळले नाहीत तर फेरे पुरे होत नाहीत. बिघाड बहुतेक वेळा उडण्याआधीच झालेला असतो. खांदे आधी वळले तर धार घसरते आणि उडी वर जाण्याऐवजी आडवी जाते. मोकळा पाय पुढे न जाता बाजूने फिरला तर अक्ष तिरका होतो व उतरताना स्केटर वर्तुळाच्या आत कोसळतो. धीर सुटून शरीर लवकर उघडले की साडेतीनऐवजी दीडच फेरा होतो.

इतो यांच्या उडीची खूण म्हणजे उंची आणि आत येतानाचा वेग. हवेत मोकळा पाय दुसऱ्या पायावर वर गुंडाळला जाण्याच्या त्यांच्या सवयीवर जाणकारांनी टीका केली आहे. तो आकार देखणा नाही हे मान्य करावे लागते. पण एवढी उंची हाताशी असताना तो त्यांना महागात पडला असे दिसत नाही.

म्युनिक आणि आल्बेरव्हिल : १९९१ ची म्युनिकची जागतिक स्पर्धा अपघातांसाठीच लक्षात राहिली. सरावफेरीत फ्रान्सच्या लेतिशिया युबेर यांच्याशी टक्कर झाली. पुढे लघु कार्यक्रमात जोडउडी (लागोपाठ दोन उड्या) कठड्याच्या फार जवळ सुरू झाली आणि टीव्ही कॅमेऱ्यासाठी कठड्यात ठेवलेल्या फटीतून इतो थेट रिंकबाहेर गेल्या. काही सेकंदांत परत बर्फावर येऊन त्यांनी कार्यक्रम पुरा केला. एकूण क्रमांक चौथा. पहिल्या तिन्ही जागा अमेरिकेकडे गेल्या. ट्रिपल ॲक्सल करणाऱ्या दुसऱ्या महिला टोन्या हार्डिंग या स्पर्धेत दुसऱ्या होत्या.

आल्बेरव्हिलला लघु कार्यक्रमाच्या जोडउडीत ट्रिपल ॲक्सलऐवजी तुलनेने सुरक्षित ट्रिपल लुत्झ (तीन फेऱ्यांची, मागे तोंड करून घ्यायची उडी) घेण्याचे ठरले, आणि इतो नेमक्या त्यावरच पडल्या. क्रमांक चौथा. मुक्त कार्यक्रमात पहिला ट्रिपल ॲक्सल चुकला. उत्तरार्धात, पाय थकलेले असताना, त्यांनी तो पुन्हा घेतला आणि पूर्ण केला. ऑलिंपिकमध्ये महिलेने केलेला हा पहिला. आता गुणक ०.५ व १.० असल्याने बेरीज (लघु – चौथा, मुक्त – दुसरा) २.० + २.० = ४.० झाली. अमेरिकेच्या नॅन्सी केरिगन यांचीही ४.० च होती (लघु – दुसरा, मुक्त – तिसरा). बरोबरी झाल्यास मुक्त कार्यक्रमातला वरचा क्रमांक सरस ठरतो, म्हणून रौप्य इतो यांना मिळाले. सुवर्ण क्रिस्टी यामागुची यांना. फिगर स्केटिंगमधले जपानचे हे पहिले ऑलिंपिक पदक; तरीही सुवर्ण न मिळाल्याबद्दल इतो यांनी देशवासीयांची क्षमा मागितली.

त्यानंतर त्या व्यावसायिक गटात गेल्या. १९९६ मध्ये हौशी गटात परतून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत सातव्या आल्या आणि निवृत्त झाल्या. नागानो ऑलिंपिकची (१९९८) ज्योत त्यांच्या हस्ते पेटवली गेली. २००४ मध्ये जागतिक फिगर स्केटिंग हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २०११ मध्ये जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ येथील प्रौढांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या पुन्हा बर्फावर उतरल्या. यामादा यांच्या हाताखाली नागोयातून पुढे युकारी नाकानो, माओ असादा व शोमा उनो हे स्केटर घडले. त्यांपैकी असादा यांनी व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये (२०१०) एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सल केले.