लिनक्समधील ड्रायव्हर पॅकेजांचा संघर्ष

लिनक्सवर ड्रायव्हर बसवताना दोन पॅकेजेसनी एकाच फाइलवर, किंवा दोन मॉड्यूल्सनी एकाच कार्डावर हक्क सांगितला, की पॅकेज-संघर्ष उद्भवतो. मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) घालता-काढता येणारा ड्रायव्हरचा तुकडा. तो ज्या कर्नलसाठी बांधला, त्यावरच चालतो. कर्नल अपडेट झाला की पुन्हा बांधणी आली. ती आपसूक व्हावी म्हणून डेल कंपनीने २००३ मध्ये डीकेएमएस तयार केले. बरीचशी भांडणे या बांधणीतच जुंपतात.

ऑइल इंजिने आणि ओतकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरात याचे उदाहरण कारखान्यातलेच घेता येईल. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात मिलिंग मशीन जुन्या पीसीवर लिनक्ससीएनसी हे मशीन-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर घालून चालवायचे ठरले असे समजा. मोटरचे पल्स वेळच्या वेळी सुटावेत म्हणून त्याला रिअल-टाइम कर्नल लागतो. स्क्रीन नीट दिसेना म्हणून कोणी एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर घालायला गेले, की डीकेएमएस बांधायला बसते आणि अडते. असा कर्नल दिसताच तो ड्रायव्हर बांधणीलाच नकार देतो. पॅकेज अर्धे बसलेले राहते. नंतर साधा प्रिंटर जोडायला गेले तरी पॅकेजे आणून बसवणारे एपीटी त्या अर्धवट पॅकेजाचेच रडगाणे गाते. उपाय अगदी साधा आहे: ते पॅकेज काढावे आणि कर्नलसोबत येणाऱ्या नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर भागवावे. तो नकार चुकवायची पळवाटही आहे, पण टूल जॉबमध्ये उतरलेले असताना असले प्रयोग करू नयेत.

फाइलवरचा वाद डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांत पॅकेज उलगडून बसवणारे डीपीकेजी स्वतःच सांगते: अमुक फाइल तमुक पॅकेजातही आहे. हे न वाचताच ‘फोर्स-ओव्हरराइट’ (जबरदस्तीने फाइल बदलणे) मारायची खोड वाईट. मग पुढचा अपडेट त्याच फाइलवर अडखळतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला इन्स्टॉलर तर पॅकेज मॅनेजरला न सांगताच फाइली पसरून जातो. तो आधी त्याच्याच अनइन्स्टॉलरने काढावा, मगच वितरणातले पॅकेज बसवावे.

कार्डावरचा वाद मात्र मुका असतो. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वायफाय कार्डांसाठी ‘बी४३’ आणि ‘डब्ल्यूएल’ अशी दोन मॉड्यूल्स आहेत. पॅकेज सुरळीत बसते, कुठलीही चूक दिसत नाही, नेटवर्क मात्र गायब. कार्डांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ या कमांडला ‘-के’ जोडून चालवले की कार्ड कोणाच्या ताब्यात आहे ते कळते. नको असलेले मॉड्यूल मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्टमध्ये टाकून पीसी रीस्टार्ट करावा. नूव्होसारखे मॉड्यूल बूटच्या सुरुवातीलाच चढते, त्यामुळे तिथे इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल-व्यवस्था, हेही नव्याने बनवावे लागते.

ऐन पावसात, यूपीएस नसताना, बसवता-बसवता वीज गेली तर तो संघर्ष नव्हे. डीपीकेजीला राहिलेली पॅकेजेस ‘कॉन्फिगर’ करायला सांगितले की बहुधा तेवढ्यावर भागते.