गुळाचा चहा प्यायला तर वजन वाढत नाही?

फिरणारा मेसेज असा: साखर सोडा, गूळ घ्या, मग गोड कितीही खा, वजन वाढणार नाही आणि मधुमेहालाही चालेल.

हे पटतं, कारण गूळ साखरेइतका शुद्ध केलेला नसतो, त्यामुळे त्यात थोडं लोह आणि पोटॅशियम उरतं. पण दोन्ही उसाच्या रसाचेच, आणि गुळातला बहुतेक भाग सुक्रोज, म्हणजे साखरच. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी, तेवढ्याच गुळात साधारण 380. उरलेल्या लोहाच्या आशेने जास्त गूळ खाल्ला, तर साखरच जास्त पोटात जाते. लोहासाठी अळीव, बाजरी, पालेभाज्या कितीतरी बऱ्या.

खरी गडबड प्रमाणात होते. ‘गुळाचीच आहे’ म्हणत चिक्कीची दुसरी वडी उचलली जाते. गुळाचा गोडवा जरा कमी, म्हणून चहात खडाही मोठा पडतो.

पडताळणी घरीच होईल. गूळ आणि साखर, दोन्ही पाकिटांच्या मागची ऊर्जा आणि एकूण साखर शेजारीशेजारी वाचा. मग चहात टाकता तो खडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, आणि एक चमचा साखर तोला. मधुमेह असेल तर डॉक्टरांनी साखरेची जी मर्यादा सांगितली असेल, त्यातच हा खडा धरा.