थायरॉइड ग्रंथी आणि आवर घालणाऱ्या पेशी

१९१२ साली जपानचे शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या थायरॉइड ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. निरोगी ग्रंथीचा रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर गुलाबी द्रव्याने भरलेल्या गोल पुटिका एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात. या चार ग्रंथींत मात्र पुटिकांच्या मधल्या जागेत लिंफोसाइट, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दाटीवाटीने जमल्या होत्या. अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) असतात, हे १९५६ मध्ये लंडनमधील संशोधकांनी दाखवले.

शरीर स्वतःवर उलटते, एवढे सांगून हा विषय संपत नाही. थायरॉइडला शत्रू मानू शकणाऱ्या काही टी पेशी, म्हणजे लिंफोसाइटचाच एक प्रकार, निरोगी माणसातही असतात, कारण त्या जिथे घडतात ती छातीतील थायमस ग्रंथी त्यांतील बहुतेकींना नष्ट करत असली, तरी थोड्या निसटतातच. मग आपल्यापैकी बहुतेकांची ग्रंथी शाबूत कशी राहते, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. १९७०च्या दशकात पेनहेल या संशोधकांनी उंदरांची थायमस काढून त्यांना किरणोत्सर्ग दिला, तेव्हा त्यांच्या थायरॉइडला दाह झाला. निरोगी उंदरांच्या लसिका पेशी (लिंफोसाइट) टोचल्यावर तो टळला. म्हणजे त्या पेशींत आवर घालणारे कोणीतरी होते. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी या नियामक टी पेशी ओळखल्या आणि २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले.

नियामक पेशी आपल्या पृष्ठभागावरील सीटीएलए-४ या प्रथिनाने, इतर टी पेशींना चेतवणारे रेणू अक्षरशः ओढून काढतात. या प्रथिनाच्या जनुकातील काही फरक हाशिमोतो (सुरुवातीला वर्णन केलेला) आणि ग्रेव्ह्ज (थायरॉइडला अतिसक्रिय करणारा) या दोन्ही विकारांत अधिक आढळतात. कर्करोगावरील काही औषधे असे लगाम मुद्दाम सैल करतात, आणि त्या रुग्णांपैकी काहींच्या थायरॉइडला दाह होतो.

गर्भारपणात, पोटातील बाळाला शरीराने परके मानू नये म्हणून, ही नियामक यंत्रणा अधिक सक्रिय असते. प्रसूतीनंतर ती पूर्ववत होते आणि इतके दिवस दबलेला दाह डोके वर काढू शकतो. बाळंतिणीचा थकवा, गळणारे केस, उदासी यांना ‘जागरणामुळे होतंच’ म्हणून बाजूला सारले जाते, याचे मला फार वाईट वाटते. पहिल्या वर्षात असा त्रास रेंगाळला, तर डॉक्टरांना सांगून रक्तातील टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, तपासून घ्यावे.