सुरकुतलेल्या वाटाण्यात नेमके काय बिघडलेले असते?

एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि मेंडेलने अभ्यासलेल्या वाटाण्याच्या सात लक्षणांपैकी उरलेल्या तिन्ही लक्षणांमागची जनुके हाती लागली. मेंडेलने आपले निष्कर्ष ब्रनो येथे वाचून दाखवले ते 1865 साली, म्हणजे हा शोध पुरा व्हायला 160 वर्षे लागली. या निमित्ताने शाळेपासून आपल्या मनात घर करून राहिलेला एक गैरसमज दूर करावासा वाटतो. आई-वडिलांकडून मिळालेल्या दोन जनुकांपैकी ‘प्रभावी’ जनुक बलवान असते आणि ते ‘अप्रभावी’ जनुकाला दाबून टाकते, असे आपण धरून चालतो. वाटाण्यात तरी कोणीही कोणाला दाबत नाही.

गोल बियांचा वाण आणि सुरकुतलेल्या बियांचा वाण यांचा संकर केल्यावर मेंडेलला पहिल्या पिढीत केवळ गोल बिया मिळाल्या. त्या पेरून आलेल्या 253 झाडांवर एकूण 7,324 बिया धरल्या आणि त्यांत 5,474 गोल व 1,850 सुरकुतलेल्या निघाल्या. हेच ते सुप्रसिद्ध तीनास एक प्रमाण. यात एक बारकावा आहे, जो पाठ्यपुस्तकात सहसा सुटून जातो. वाटाण्याचा दाणा हा झाडाचा अवयव नसून पुढच्या पिढीचे बालरोप असते आणि त्याचा आकार त्याच्याच बीजपत्रांवर, म्हणजे आपण ज्याला डाळ म्हणतो त्या भागावर ठरतो. त्यामुळे संकरित झाडाची एखादी वाळलेली शेंग सोलली, तर तिच्यात गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसू शकतात.

आता प्रश्न असा की आनुवंशिकतेने मिळालेली कोणती गोष्ट दाण्याला सुरकुत्या पाडते? याचे उत्तर इंग्लंडमधील नॉर्विच येथील जॉन इनेस संस्थेत मदन भट्टाचार्य, ॲलिसन स्मिथ, कॅथी मार्टिन आदी शास्त्रज्ञांनी 1990 साली शोधून काढले, आणि माझ्या मते जीवशास्त्रातील इतके देखणे उत्तर दुसरे क्वचितच असेल. दाण्यात साठवले जाणारे स्टार्च हे ग्लुकोजच्या रेणूंची साखळी असते. साखळी सरळ राहिली तर तिला अमायलोज म्हणतात आणि तिला ठिकठिकाणी फांद्या फुटल्या तर अमायलोपेक्टिन. फांद्या आपोआप फुटत नाहीत. त्यासाठी एक विकर (एन्झाइम) लागते, जे सरळ साखळीचा तुकडा तोडून तो बाजूला जोडते. हे विकर बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, नेमक्या त्याच जनुकात सुरकुतलेल्या वाणामध्ये सुमारे 800 अक्षरांचा (डीएनएच्या साखळीतील एकेक दुवा म्हणजे एक अक्षर) एक परका डीएनए-तुकडा घुसलेला आढळला. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यात सापडलेल्या आणि ज्यांच्यासाठी त्यांना 1983 साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या जागा बदलणाऱ्या जनुकीय घटकांशी या तुकड्याचे जवळचे नाते आहे.

तुकडा मध्येच घुसल्यामुळे सूचना बिघडते आणि कामाचे विकर तयार होत नाही. त्याच्यासारखे दुसरे एक विकर दाण्यात असते, त्यामुळे अमायलोपेक्टिन थोडेफार बनते, पण एकंदर स्टार्च कमी पडते आणि त्यात सरळ साखळ्यांचा वाटा वाढतो. पानांकडून येणारी साखर, म्हणजे सुक्रोज, तर येतच राहते आणि स्टार्चमध्ये रूपांतर न झाल्याने दाण्यात साचते. साखर साचली की परासरणाच्या नियमानुसार पेशी जास्त पाणी ओढून घेतात, म्हणून हिरवा असताना हा दाणा चांगलाच टपोरा दिसतो. पक्व होताना हे सगळे पाणी निघून जाते, आतला गर आक्रसतो, वरची साल मात्र तेवढी आक्रसत नाही आणि ती मनुकेच्या सालीसारखी चुण्या पडून बसते. एका विकराची उणीव अशी रसायनातून पाण्यात आणि पाण्यातून आकारात उतरते.

हे ध्यानात घेतले की ‘प्रभावी’ शब्दाचे कोडे सुटते. ज्या दाण्यात या जनुकाची एक प्रत धड आणि एक बिघडलेली असते, त्यात बिघडलेली प्रत फारसे काही करतच नाही. धड प्रत आपल्या वाट्याचे विकर बनवते आणि दाणा गोल राहण्यापुरते ते पुरते, इतकेच. शिवाय असा दाणा बाहेरून गोल दिसला, तरी आतून तो निखळ गोल वाणासारखा नसतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डार्बिशायर यांनी 1908 साली सूक्ष्मदर्शकाखाली स्टार्चचे कण तपासले, तेव्हा गोल वाणाचे कण लांबट व सलग, सुरकुतलेल्या वाणाचे तुकड्या-तुकड्यांनी जोडलेले आणि संकरित दाण्याचे मधल्या स्वरूपाचे आढळले. म्हणजे डोळ्यांनी पाहिले तर गोल आकार पूर्णपणे प्रभावी ठरतो, पण भिंगाखाली तसे म्हणता येत नाही. प्रभावी असणे हा केवळ जनुकाचा अंगभूत गुण नव्हे. आपण लक्षण कोणत्या पातळीवर मोजतो यावरही ते ठरते.

हा बिघाड माणसाच्या पथ्यावर पडला आहे, हेही सांगायला हवे. उसळीसाठी किंवा रगड्यासाठी भिजत घालतो तो वाळलेला पांढरा वाटाणा गोल असतो, स्टार्चने भरलेला. हिवाळ्यात शेंगा सोलून खातो त्या गोड मटारचे ‘आर्केल’ किंवा ‘बोनव्हिल’ वाणाचे बियाणे मात्र सुरकुतलेले असते. त्याची गोडी त्या न वापरल्या गेलेल्या साखरेची.

माणसांच्या बाबतीत याच समजुतीअभावी माणसे दुखावली जातात. नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल आजार हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे होतो आणि तो होण्यासाठी बदललेली प्रत आई व वडील या दोघांकडूनही यावी लागते. एकच प्रत असलेला वाहक सहसा धडधाकट असतो, पण रक्ताच्या तपासणीत त्याची दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिने स्पष्ट दिसतात. असे असताना ‘आमच्या घराण्यात हे कधीच नव्हते’ म्हणून सुनेला बोल लावणे, किंवा ग्रहांची शांत करणे, यांपैकी कशालाही आधार नाही. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. लग्नापूर्वीची रक्ततपासणी म्हणूनच मोलाची.

मेंडेलच्या बाकीच्या लक्षणांतही बहुधा हेच दिसते. बुटक्या झाडात जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक बनवणारे विकर दुबळे असते. पक्व झाल्यावरही दाणा हिरवाच राहतो, कारण हरितद्रव्य मोडीत काढण्याचे काम अडते. नव्याने उलगडलेल्या तिघांपैकी पिवळ्या शेंगेत तर हरितद्रव्य बनवणारे जनुक स्वतः शाबूत असून त्याच्या अलीकडचा सुमारे एक लाख अक्षरांचा पट्टा गळालेला आहे, आणि तेवढ्याने त्याचे काम विस्कळीत होते. फुले झाडाच्या शेंड्याशी एकत्र येतात, त्या लक्षणामागे एका जनुकातील अवघी पाच अक्षरे गळालेली आढळली. मात्र तेवढ्याने भागत नाही, जनुकसंचात अन्यत्र असलेल्या आणखी एका जागेवरील फरकाचीही त्याला जोड लागते. एक जनुक आणि एक लक्षण या जोडीचे उदाहरण म्हणून ज्या सात लक्षणांकडे आपण बोट दाखवत आलो, त्यांतल्याच एकात दुसऱ्या जागेचा हात निघाला आहे.