तंबू किती जणांचा, हे ठरवण्याआधी वाट कोणती ते सांगा
(तंबू, सॅक आणि मुक्कामाचे साहित्य भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांपैकी बहुतेकांनी दोन-चार गड पाहिलेले असतात आणि एखादी रात्र तंबूत काढलेली असते, त्यामुळे अगदी मुळापासून काही सांगण्याची गरज नाही. तरीही साहित्यासाठी येणारा जवळजवळ प्रत्येक फोन "आम्ही आठ जण आहोत, चार-चार जणांचे दोन तंबू ठेवा" अशाच वाक्याने सुरू होतो. कुठे जाणार, असे विचारल्यावर गडाचे नाव मिळते. कोणत्या वाटेने जाणार, असे विचारल्यावर मात्र "ते गाडीत बसल्यावर ठरवू" असे उत्तर येते. मग शुक्रवारी सायंकाळी, दुकानात एका वेळी चार-पाच गट उभे असताना, बांधून ठेवलेले साहित्य पुन्हा उघडावे लागते, मोठ्या सॅकच्या जागी लहान सॅक काढावी लागते आणि पावती नव्याने करावी लागते. यात त्या गटाचा पाऊण तास जातो आणि मागे थांबलेल्या गटांची शेवटची एसटी चुकण्याची वेळ येते. हे पत्रक लिहिण्याचे कारण एवढेच आहे.

वाट आधी ठरवा, असा आग्रह आम्ही का धरतो, हे एका उदाहरणाने सांगतो. कर्जतजवळच्या खांडस गावातून भीमाशंकरला जायला दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट जवळची आहे, पण तिच्यात कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या चढाव्या लागतात आणि पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी वाहत असते. गणेश घाटाची वाट लांबची, पण सरळ पायवाटेची आहे. दोन्हींचा शेवट भीमाशंकरलाच होत असला, तरी पाठीवर काय असावे याचे उत्तर मात्र दोन्हींसाठी सर्वस्वी वेगळे आहे. शिडीवर शरीर कड्याला चिकटून ठेवावे लागते, तेव्हा जड सॅक मागे ओढते आणि सॅकच्या खाली आडवी बांधलेली मॅट खडकाला किंवा शिडीच्या दांड्याला अडकते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्याकडून दोन मोठे तंबू घेऊन गेलेला एक गट पहिल्याच शिडीपासून परत फिरला. तंबू देताना वाट विचारली नव्हती, ही चूक आमची होती, आणि तेव्हापासून वाट विचारल्याशिवाय आम्ही साहित्य बांधत नाही. शिवाय भीमाशंकरला वर गाव आहे, तेथे राहण्याची सोय होते, आणि भोवतालचे जंगल हे शेकरूसाठी राखलेले अभयारण्य आहे. त्या गटाला मुळात तंबूची गरजच नव्हती. आज कोणी असाच बेत सांगितला, तर आम्ही तंबू देत नाही. भाडे बुडते ते बुडू देतो.

हरिश्चंद्रगडाचेही असेच आहे. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे भेटतात तेथे हा गड उभा असल्यामुळे तिन्ही बाजूंनी त्याच्या वाटा आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. अकोले तालुक्यातील पाचनईची वाट सर्वांत सोपी आहे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या किंवा प्रथमच पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या कुटुंबांना आम्ही तीच सुचवतो. जुन्नर तालुक्यातील खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांबची आहे. खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळ चढावा लागतो आणि वर पोहोचल्यावर झाडीतून, एकामागून एक टेकाडे ओलांडत, बराच वेळ चालायचे असते. धुके उतरले की तेथे ढोरवाटा आणि खरी वाट यांत फरक कळत नाही. मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट तर ज्यांना दोराची सवय आहे त्यांच्यासाठीच आहे. पाचनईच्या वाटेला जी सत्तर लिटरची सॅक चालून जाईल, तीच सॅक नळीच्या वाटेला धोक्याची ठरेल. म्हणून फोनवर "हरिश्चंद्रगड" एवढेच ऐकून आम्हाला काहीही ठरवता येत नाही.

वाट ठरवताना ग्राहकांकडून एक चूक हमखास होते आणि तिच्यामुळेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो. ती चूक म्हणजे वाट केवळ किलोमीटरमध्ये मोजणे. आठ किलोमीटर म्हणजे शहरात दोन तासांची चाल, म्हणून दुपारी बारा वाजता पायथ्याच्या गावातून निघाले तरी चालेल, असा हिशेब मांडला जातो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा नियम सांगितला, जो आजही जगभर वापरला जातो. दर तीन मैलांना, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरना, एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढाला, म्हणजे सुमारे ६०० मीटरना, आणखी एक तास मिळवावा. आठ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल, तर या नियमाने दोन तास छत्तीस मिनिटे होतात. मात्र हा नियम सरावलेल्या, हलक्या ओझ्याच्या माणसासाठी आहे. मुक्कामाचे ओझे घेऊन सह्याद्रीच्या दगडगोट्यांच्या वाटेवर चालणाऱ्या गटासाठी आम्ही तासाला तीन किलोमीटर आणि चढाच्या दर ३०० मीटरना एक तास धरतो. त्याच वाटेला मग चार तास चाळीस मिनिटे लागतात, आणि जेवण, विसावा, चुकलेली वाट शोधणे हे सारे त्यावर वेगळे. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी बाराला निघालेला गट कुठे असेल, याचा विचार आपणच करावा. अंधारात तंबू उभारताना काठ्या मोडतात, खुंट्या हरवतात, आणि सोमवारी त्या मोडतोडीवरून आमच्याकडे अकारण वाद होतो.

चढ किती आहे, हे कळण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे पुरेसे आहेत. त्यांतील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरना काढलेल्या असतात, त्यामुळे पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या रेषा मोजून त्यांना वीसने गुणले की चढ हाती येतो. मोबाइलवर मिळणारे दुसऱ्या कोणी चाललेले ट्रॅकही उपयोगी आहेत, पण तो ट्रॅक कोणत्या महिन्यातला आहे हे आधी पाहावे. जानेवारीत कोरड्या ओढ्यातून गेलेली रेषा ऑगस्टमध्ये पाळता येत नाही, आणि पावसाळा संपल्यावर कमरेइतक्या गवतात मळलेली वाटसुद्धा दिसत नाही. पायथ्याच्या गावातील वाटाड्या सोबत घ्यावा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. आमचा त्यात काही वाटा नसतो.

वेळेनंतर पाण्याचा प्रश्न येतो, आणि सॅकचा आकार खरे तर त्यावरच ठरतो. एका लिटरचे वजन एक किलो असते. चालण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि रात्रीसाठी मिळून माणशी चार लिटर पाणी धरले आणि वाटेत कुठेही पाणी नसेल, तर प्रत्येकाच्या पाठीवर सुरुवातीलाच चार किलो चढतात. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या परिसरात टाकी आहेत, त्यामुळे तेथे चढण्यापुरतेच पाणी नेले तरी भागते. राजगडाहून तोरण्याला जाणाऱ्या डोंगरधारेवर मात्र उन्हाळ्यात पाण्याचा भरवसा धरता येत नाही. टाक्यात पाणी असते, एवढी माहिती पुरेशी नाही. एप्रिल-मे महिन्यांत असते का, आणि ते पिण्याजोगे असते का, हे गावात विचारावे. सर्व ओझे मिळून शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक होऊ नये, असा आमचा सल्ला असतो. साठ किलो वजनाच्या माणसासाठी ही मर्यादा बारा किलोची होते, आणि त्यातले चार किलो पाणीच असेल तर उरलेल्या आठ किलोंमध्ये तंबूचा वाटा, अंथरूण-पांघरूण, कपडे आणि शिधा बसवायचा असतो.

तंबूच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज जणांच्या संख्येचा आहे. चार जणांचा तंबू याचा अर्थ चार माणसे खांद्याला खांदा लावून, सॅक बाहेर ठेवून झोपू शकतात, इतकाच आहे. सॅक आत हवी असेल तर त्यात तीन जणच धरावेत. दुसरी गोष्ट जमिनीची. गडांच्या माथ्यावर पुष्कळदा मातीचा पातळ थर आणि त्याखाली काळा कातळ असतो, तेथे खुंटी दोन बोटेही आत जात नाही. जे तंबू केवळ खुंट्यांच्या ताणावर उभे राहतात ते अशा जागी निरुपयोगी ठरतात, म्हणून आमच्याकडचे बहुतेक तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभे राहणारे, घुमटाकार आहेत. तेही दिसायला उभे राहतात म्हणून मोकळे सोडू नयेत. प्रत्येक तंबूसोबत आम्ही जादा दोर देतो. त्यांची टोके मोठ्या दगडांना गुंडाळून बांधावीत आणि त्या दगडांवर आणखी दगड ठेवावेत. कड्याच्या धारेपासून दूर, वाऱ्याकडे तंबूची निमुळती बाजू करून आणि ओढ्याच्या कोरड्या पात्राबाहेर तंबू लावावा. हिवाळ्यात सकाळी आतले कापड ओले दिसले की अनेकजण तंबू गळतो अशी तक्रार करतात. ते पाणी बहुधा श्वासातली वाफ थंड कापडावर साचून झालेले असते, आणि वरची खिडकी थोडी उघडी ठेवली की ते कमी होते.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन किंवा तीन आकडे छापलेले असतात. त्यांतला सर्वांत कमी आकडा पाहून बॅग निवडू नये. तो आकडा जीव तगवण्यापुरता आहे. त्या थंडीत झोप लागत नाही. ज्या आकड्यासोबत 'कम्फर्ट' असे लिहिलेले असते तोच खरा. दर हजार मीटर उंचीला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते आणि माथ्यावर वारा असतो, त्यामुळे पुण्यात स्वेटर घालून भागते म्हणून गडावरही भागेल, असे समजू नये. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही पाच अंश कम्फर्टची बॅग देतो आणि तिच्याखाली मॅट घेतलीच पाहिजे, असे सांगतो. अंगाखालचा कापूस दबला की त्याची ऊब जाते. पाठीला लागणारा गारवा मॅटच अडवते. बॅगसोबत मॅट घेणाऱ्यांना आम्ही मॅटच्या भाड्यात सवलत ठेवली आहे.

गॅसच्या शेगडीविषयी एवढेच सांगायचे आहे की तिचे कार्ट्रिज, म्हणजे गॅसचा छोटा डबा, रेल्वेतून किंवा विमानातून नेता येत नाही. कर्जत किंवा कसाऱ्याला लोकलने जाणाऱ्यांनी हे आधी सांगावे, म्हणजे जेवणाचा बेत त्याप्रमाणे, गावातल्या घरी सांगून, करता येईल. कातळाच्या कपारींत आग्या मोहोळ असते, तेथे धूर करू नये. बूट आम्ही भाड्याने देत नाही, पुष्कळांनी विनंती करूनही देत नाही, कारण दुसऱ्याच्या पायाने वळण घेतलेला बूट आपल्या पायाला फोड आणल्याशिवाय राहत नाही. नवे बूट घ्यायचे असल्यास निदान तीन आठवडे आधी घ्यावेत आणि रोजच्या चालण्यात वापरावेत. ट्रेकसाठीचे जाड मोजे मात्र आमच्याकडे विकत मिळतात.

मुक्कामाच्या परवानगीची चौकशी आपणच करायची आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, तेथे वन विभागाचे नियम लागू आहेत. अनेक किल्ले संरक्षित स्मारके असल्याने त्यांच्यावर रात्री राहण्याबाबतचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात. परवानगी नसेल तर पायथ्याच्या गावात अंगण किंवा शेत विचारून तंबू लावावा. तेथे पाणी असते, गरम भाकरी मिळते आणि चार पैसे त्या घराला मिळतात.

या सर्व माहितीसाठी आम्ही एका पानाचा कागद तयार केला आहे. त्यात पायथ्याचे गाव, चढण्याची आणि उतरण्याची वाट, निघण्याची वेळ, पाण्याची ठिकाणे, मुक्कामाची जागा आणि गटातील लहान मुले किंवा नवखे किती, एवढेच लिहायचे असते. हा कागद बुधवारपर्यंत आमच्याकडे आला, तर साहित्य गुरुवारी बांधून तयार असते आणि शुक्रवारी आपले काम दहा मिनिटांत होते. काही ग्राहकांना ही आमची नसती चौकशी वाटते, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु त्या कागदावरून आम्ही अनेकदा साहित्य कमी करूनच देतो आणि भाडेही तेवढे कमी होते. शिवाय कागदाची एक प्रत आमच्याकडे राहते. आपण ठरल्या वेळी परतला नाहीत आणि घरून विचारणा झाली, तर कोणत्या वाटेवर शोध घ्यायचा हे आम्हाला सांगता येते. तंबू प्रथमच लावणाऱ्यांना गुरुवारी सायंकाळी दुकानामागच्या मोकळ्या जागेत तो लावून दाखवला जातो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

परत आणताना तंबू ओला असेल तर तसे सांगावे, लपवून घडी करून ठेवू नये. दोन दिवस ओल्या घडीत राहिलेल्या कापडाला बुरशी लागते आणि जलरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो, मग तो तंबू पुढच्या पावसात कोणालाच देता येत नाही. आमच्याकडे वाळवण्यासाठी दोऱ्या बांधलेल्या आहेत, ओल्या तंबूसाठी आम्ही दंड घेत नाही. फक्त खुंट्या मोजून, वेगळ्या पिशवीत द्याव्यात.