प्रकाशीय पॉलिमर फिल्म

जाता जाता प्रकाशाला ठरावीक वळण लावणारे, पारदर्शक प्लॅस्टिकचे पातळ पटल. मोबाइल, टीव्ही, कॅल्क्युलेटर, दुचाकीचा डिजिटल मीटर यांच्या पडद्यात अशी अनेक पटले एकावर एक चिकटवलेली असतात. दवाखान्यातली एक्स-रेची निळसर शीट आणि टॉकीजच्या प्रोजेक्टरवर फिरणारे रीळ ही याच घराण्यातली वडीलधारी मंडळी. विज्ञानाच्या परिभाषेत ‘बहुवारिक पटल’ असा शब्द आहे. कारखान्यात, दुकानात आणि दुरुस्तीच्या टेबलावर मात्र सगळे ‘फिल्म’च म्हणतात, म्हणून इथेही तोच ठेवला आहे. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात (१ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन).

हा उद्योग मुख्यतः जपान, कोरिया, तैवान आणि चीनमध्ये एकवटलेला आहे. तरीही सोलापूरच्या पूर्वभागात, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला त्यातली निम्मी प्रक्रिया न शिकवता समजेल. ज्या तीन पदार्थांवर या फिल्म्स उभ्या राहिल्या ते तिन्ही कापडाच्या धंद्याला जुने ठाऊक आहेत. पीव्हीए म्हणजे सुताच्या खळीत पडणारी भुकटी, पॉलिएस्टर म्हणजे टेरीकॉटमधला ‘टेरी’, आणि ट्रायॲसिटेट म्हणजे ॲसिटेट रेयॉनचा सख्खा भाऊ, मुळात कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजचाच. यंत्रसुद्धा ओळखीचे आहे. रंगवलेल्या कापडाचा पन्हा सारखा राहावा म्हणून दोन्ही काठ चिमट्यांत धरून गरम हवेतून नेणाऱ्या यंत्राला स्टेंटर म्हणतात. फिल्म आडवी ताणणाऱ्या यंत्राचे नाव टेंटर. नाव आणि कल्पना दोन्ही कापडवाल्यांकडूनच गेलेली.

खळ, ताण, रंग

सायझिंगच्या कारखान्यात उभे सूत बीमवर चढण्याआधी खळीच्या टाकीतून काढतात. मागावर ताण्याच्या धाग्याला फणीची घासाघीस सोसावी लागते. वर खळीचा थर नसेल तर धागे तुटत राहतात आणि विणकराचा दिवस गाठी मारण्यात जातो. पूर्वी ही खळ नुसत्या पिठाची असे. आता तिच्यात पॉलिव्हिनिल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, घालतात. पांढरी भुकटी गरम पाण्यात ढवळत राहिले की चिकट, नितळ द्रव होतो आणि तो वाळला की चिवट पापुद्रा सुटतो. हाच पापुद्रा नेमक्या जाडीचा काढला, ताणला आणि आयोडीनच्या पाण्यात रंगवला की पोलरायझर तयार होतो. एलसीडीचा जवळपास एकही पडदा त्याच्याशिवाय चालत नाही.

पीव्हीएचे रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात आणि एरवी गुंतवळासारखे पडलेले असतात. सुमारे ७५ मायक्रॉनची फिल्म पाच-सहा पट लांब ताणली की ती २५-३० मायक्रॉनवर येते आणि साखळ्या एका दिशेने सरळ होतात. आयोडीन या साखळ्यांना धरून रांगेत बसते. मग बोरिक आम्लाच्या द्रावणात साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात, नाहीतर ही शिस्त फार काळ टिकत नाही. ज्या प्रकाशलहरींचे कंपन रांगेला समांतर असते त्या शोषल्या जातात. काटकोनात कंप पावणाऱ्या लहरी पलीकडे जातात. शाळेच्या पुस्तकात कुंपणाच्या फटीतून दोरी हलवल्याचे जे चित्र असते, ते इथे नेमके उलटे लागू पडते. फटीला समांतर हलणारी दोरी पार होते, इथे रांगेला समांतर हलणारा प्रकाश अडतो. चित्र पाठ केलेले विद्यार्थी इथेच घसरतात.

अशा दोन फिल्म्स एकमेकींवर काटकोनात ठेवल्या की काळोख होतो. एलसीडीत त्या दोहोंच्या मध्ये द्रवस्फटिकाचा, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण स्फटिकासारखी रेणूंची शिस्त पाळणाऱ्या पदार्थाचा, थर असतो. तो प्रकाशाचे कंपन ९० अंशांत वळवतो, म्हणून उजेड दिसतो. विजेचा दाब दिला की वळवणे थांबते आणि तेवढा ठिपका काळा पडतो. मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी स्वित्झर्लंडमध्ये डिसेंबर १९७० मध्ये याचे पेटंट मागितले. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, पत्त्यावरचे भोक जसे कोणता धागा उचलायचा ते सांगते आणि चादरीवर मोर उमटतो, तसेच हे काम चालते. फरक इतकाच की इथला पत्ता सेकंदाला साठ वेळा बदलतो.

पोलरायझरचा इतिहास सुरू होतो तो कुत्र्याच्या लघवीपासून. ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या विद्यार्थ्याने क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकले, तेव्हा हिरवे चकचकीत स्फटिक दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्फटिक एकमेकांवर आडवे आले की तेवढाच भाग काळा दिसे. हेरापाथ यांनी १८५२ मध्ये हे प्रसिद्ध केले. पण स्फटिक इतका ठिसूळ की मोठा करता येईना. पाऊणशे वर्षांनी अमेरिकेतल्या एडविन लँड या तरुणाने तो नादच सोडला आणि असंख्य बारीक स्फटिक प्लॅस्टिकमध्ये एका दिशेने बसवले. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९३८ मध्ये स्फटिकही गेले, ताणलेले पीव्हीए आणि आयोडीन एवढेच उरले. आजच्या पडद्यातली फिल्म त्याच पाककृतीची आहे.

लँडला पडद्याशी काही देणेघेणे नव्हते. त्याला समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांचा झोत मोडायचा होता. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि काचेवर ४५ अंशांत तिरकी फिल्म बसवली, तर दोन गाड्या समोरासमोर आल्यावर एकीची फिल्म दुसरीला काटकोनात येते आणि झोत विझल्यासारखा होतो. मोटार कंपन्यांनी ही योजना घेतली नाही. रात्री पुणे-सोलापूर महामार्गावर कुणी अप्पर टाकून अंगावर आले की लँडची आठवण काढायला हरकत नाही. पुढे त्याचे नाव झाले ते मिनिटभरात फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यामुळे. त्याचे प्रात्यक्षिक १९४७ चे, विक्री १९४८ ची.

टॉकीजमधून पडद्यात

पीव्हीए पाण्यात विरघळते. खळीला हा गुणच, कारण विणून झाल्यावर ती धुऊन टाकायची असते; पडद्याला मात्र तो घातक. म्हणून पोलरायझरच्या दोन्ही अंगांना ट्रायॲसिटेटची फिल्म चिकटवतात, ४० ते ८० मायक्रॉन जाडीची. ही फिल्म पडद्यासाठी शोधलेली नव्हती. ती सिनेमाच्या रिळातून आली, आणि या नोंदीतला सगळ्यात रंजक भाग हाच आहे.

सिनेमाची पहिली रिळे सेल्युलोज नायट्रेटची होती. कोडॅकवाल्या ईस्टमनची पारदर्शक रोल फिल्म १८८९ मध्ये बाजारात आली. हॅनिबल गुडविन या पाद्र्याने तशाच फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्येच अर्ज केला होता, पण ते हाती पडायला १८९८ उजाडले. नायट्रेटवरचे चित्र अतिशय देखणे दिसे, पण पेटायला निमित्त पुरे. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९२९ मध्ये एका दवाखान्यातल्या नायट्रेटच्या एक्स-रे फिल्म्सना आग लागली आणि विषारी वायूने १२० हून अधिक माणसे गेली. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्म्सचा मोठा साठा जळाला. मराठी मूकपटांच्या वाट्याला जे तुटपुंजे अवशेष आले, त्याला काळाबरोबर हा पदार्थही जबाबदार आहे.

त्यावर उतारा म्हणून ॲसिटेट आले. हौशी लोकांच्या १६ मिलिमीटर फिल्मला १९२३ पासूनच ‘सेफ्टी फिल्म’ वापरत. मोठ्या सिनेमाची रिळे १९५० च्या आसपास ट्रायॲसिटेटवर गेली. ट्रायॲसिटेटमध्ये आणखी एक गुण होता, ज्याचे मोल रिळाच्या काळात कुणाला कळायचे कारण नव्हते: त्यातून जाताना प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे कंपनाची ठरलेली दिशा, जवळपास बिघडत नाही. पॉलिएस्टर याहून मजबूत आणि स्वस्त. १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी ते इंग्लंडमधल्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या छापील कापडाच्या कंपनीत शोधले (‘कॅलिको’ हे नाव आपल्याच कालिकतवरून). पण ताणलेले पॉलिएस्टर दोन पोलरायझरच्या मध्ये धरले की इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात. दोन फिल्म्समध्ये पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे तिरके लावून पाहिले तर असाच रंगोत्सव दिसतो. म्हणून एक्स-रेची शीट पॉलिएस्टरची झाली, पडद्याची मात्र ट्रायॲसिटेटची राहिली. अलीकडे जपानच्या टोयोबोने यावर गमतीशीर तोड काढली: हा दोष कमी करण्याऐवजी इतका वाढवला की सगळे रंग एकमेकांत मिसळून पांढरेच दिसावे.

डिजिटल कॅमेरे आले आणि रिळाचा धंदा बसला. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स, जिची ‘इंदू’ फिल्म एकेकाळी आपल्या फोटो स्टुडिओंत असे, तीही टिकली नाही. जपानची फुजीफिल्म मात्र तगली, आणि त्याचे एक मोठे कारण ट्रायॲसिटेट. फोटोसाठी जी फिल्म ओतायची तीच पडद्यांसाठी ओतणे तिला जमले. म्हणजे टॉकीजमधून हाकललेले रीळ मागच्या दाराने टीव्हीत शिरले.

फुजीच्या दुसऱ्या एका फिल्मचे मूळ तर भारतात आहे. जुन्या लॅपटॉपचा पडदा बाजूने पाहिला की रंग उलटेसुलटे दिसत. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी १९७७ मध्ये नाण्यांच्या चळतीसारखे रचले जाणारे, चकतीच्या आकाराचे द्रवस्फटिक शोधले होते. त्याच जातीच्या चकत्या ट्रायॲसिटेटवर तिरक्या गोठवून फुजीने १९९० च्या दशकाच्या मध्यात रुंद कोनाची फिल्म काढली. शोध बंगळूरचा, माल जपानचा. नवल वाटायला नको.

बाकीच्या फिल्म्स थोडक्यात सांगता येतील. पहिला पोलरायझर निम्म्याहून अधिक उजेड गिळतो आणि रंगांच्या गाळण्या आणखी गिळतात. मागच्या दिव्याचा दहावा हिस्सासुद्धा डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. ही नासाडी कमी करण्यासाठी थ्रीएम कंपनीने पॉलिमरचे शेकडो थर एकावर एक रचून अशी फिल्म केली, की नको त्या ध्रुवणाचा प्रकाश शोषला न जाता मागे परततो आणि पुन्हा वापरात येतो. दिव्यासमोर बारीक प्रिझमच्या नांगरटीसारख्या ओळी असलेली फिल्मही असते; खराब टीव्ही उघडला तर ती हाताला खरखरीत लागते. ओएलईडी, म्हणजे ठिपके स्वतःच उजळणाऱ्या, पडद्यात बाहेरच्या उजेडाची चकाकी मारण्यासाठी पोलरायझरखाली चतुर्थांश तरंगाची (एका दिशेचे कंपन पाव तरंगलांबीने मागे टाकणारी) फिल्म लावतात. घडीच्या फोनवर काचेऐवजी रंगहीन पॉलिइमाइड हे चिवट प्लॅस्टिक आले. २०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला घडीचा फोन तपासायला मिळालेल्या काही समीक्षकांनी वरचा थर स्क्रीनगार्ड समजून सोलला आणि फोन गेले.

उन्हातला पडदा

सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो आणि तिथे या फिल्मची खरी परीक्षा होते. भर दुपारी उन्हात उभ्या दुचाकीचा मीटर सगळाच काळा पडला आणि सावलीत नेल्यावर परत आला, तर दोष फिल्मचा नसतो. द्रवस्फटिक तापून आपली शिस्त विसरलेला असतो. पण मीटरवर तपकिरी-जांभळा डाग पडून तो रात्रीही जात नसेल, तर पोलरायझरमधले आयोडीन सुटले असे समजावे. ट्रायॲसिटेटही उष्णतेने आणि दमटपणाने कुजते आणि त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते. जुन्या रिळाचा डबा उघडल्यावर जो व्हिनेगरचा वास येतो, तोच वीस-पंचवीस वर्षे कपाटात पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यालाही येतो.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत गॉगलांचे ढीग लागतात आणि प्रत्येक विक्रेता ‘पोलराइज्ड’ म्हणून शपथ घेतो. गॉगल मोबाइलच्या पडद्यासमोर धरून सावकाश एक पूर्ण फेरा द्यावा. कुठेतरी पडदा काळवंडला तर गॉगलात खरी फिल्म आहे. काही फोनांत काळवंडू नये म्हणून मुद्दाम वेगळी फिल्म लावलेली असते, तेव्हा दुसऱ्या फोनवर किंवा कॅल्क्युलेटरवरही बघावे.

मीटर दुरुस्त करणारा कारागीर आधी जुनी फिल्म ब्लेडने सोलतो. खालून आकडे पूर्ण गायब होतात. मीटर चालू असतो, पण काच नुसती राखाडी. मग तो नवीन पोलरायझरचा तुकडा वर धरून फिरवत बसतो. एका कोनात आकडे उमटतात, थोडे पुढे गेले की पुसट होतात, आणि बरोबर ९० अंशांवर उलटे दिसतात: काळ्या जमिनीवर पांढरे. चुकून तसेच चिकटले तर गिऱ्हाईक भांडते. हल्ली मात्र काही पोरे मुद्दाम येऊन सांगतात, “मामा, उलटीच बसवा.”