क्लच हायड्रॉलिक झाला, पण नशीब रबरी वॉशरच्याच हाती

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गॅरेजमध्ये ठरलेली तक्रार सुरू होते. तुळजापूरचा घाट चढताना क्लचचं पेडल खाली बसलं, गिअर पडेना, गाडी तासभर सावलीत उभी केली आणि पेडल आपोआप परत आलं. हायड्रॉलिक क्लच तेलाच्या दाबावर चालतो आणि दोष बहुतेक वेळा त्या तेलात शिरलेल्या पाण्याचा असतो, पण ठपका क्लच प्लेटवर येतो. हे असं का होतं, ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

जोसेफ ब्रामानं १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. त्या प्रेसमध्ये दाब अडवून धरायला चामड्याची वाटी बसवलेली होती. माल्कम लॉकहीडनं १९१७ मध्ये मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट मिळवलं, तेव्हाही आत चामडंच होतं आणि ते गळायचं. क्रायस्लरनं १९२४ च्या गाडीत चामड्याऐवजी रबरी कप घातले, तेव्हा कुठं ही यंत्रणा भरवशाची झाली. क्लचनं पुढं हेच तंत्र उचललं. वर पेडलनं दाबला जाणारा मास्टर सिलिंडर, खाली क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर, मधे तेलाची नळी आणि दोन्हीकडं रबरी कप. गॅरेजमध्ये त्यालाच वॉशर म्हणतात. म्हणून क्लचलाही ब्रेक ऑइलच लागतं. त्यात इंजिन ऑइलचे चार थेंब जरी पडले, तरी रबर फुगतं आणि मग दोन्ही सिलिंडर, होज सगळंच बदलावं लागतं.

आपल्याकडं १९८३ च्या मारुती ८०० ला केबलचा क्लच होता. केबल ताणायची, नट फिरवून पेडलची मोकळीक जुळवायची, तुटली की नवी टाकायची. २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये इनोव्हा आली. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरच्या भाविकांना नेणाऱ्या या गाड्यांमुळं हायड्रॉलिक क्लचचं काम इथल्या गॅरेजमध्ये रोजचं झालं.

फायदा गणितातच आहे. मास्टरचा बोअर, म्हणजे आतलं भोक, १५.८७ आणि स्लेव्हचा २०.६४ मिलीमीटर धरला, तर खाली जोर सुमारे १.७ पट मिळतो आणि चाल तेवढ्याच पटीनं कमी होते. शिवाय प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन आपसूक मागं सरकतो, त्यामुळं ॲडजस्टमेंट लागत नाही. पिस्टन मागं सरकला की तेल वर, तेल भरायच्या डबीत येतं. ब्रेकचे पॅड झिजले की डबीतली पातळी उतरते, क्लचमध्ये मात्र उतरता कामा नये. क्लचची वेगळी डबी कमी होत असेल, तर गळती आहे असंच समजावं आणि स्लेव्हचा रबरी बूट उचलून आत ओल आहे का पाहावं.

पिस्टन असा मागं सरकतो, म्हणूनच एक चूक महागात पडते. नवी प्लेट बसली की पिस्टन बोअरमध्ये पुन्हा पुढं येतो, म्हणजे इतकी वर्षं न घासलेल्या, गंज-गाळ धरलेल्या जागेवर. जुना वॉशर तिथं चिरतो आणि आठ-पंधरा दिवसांत गळती सुरू होते. त्यामुळं क्लच किटबरोबर स्लेव्हचं वॉशर किट टाकाच. बोअर ॲल्युमिनियमचा असून त्यावर चरे दिसले, तर पॉलिश पेपर मारू नका, अख्खा सिलिंडर बदला. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असेल, तर गिअरबॉक्स उतरवला की तोही नवाच घालावा. पुन्हा उतरवण्याची मजुरी त्या पार्टपेक्षा जास्त जाते.

आता उन्हाळ्याचं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ प्रतीचं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलं झालं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आधीच तापलेलं इंजिन, शेजारी सायलेन्सरचा पाइप. तेल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी तेल बदललं, तर ही वेळ सहसा येत नाही.

तेलात अडकलेली एअर, म्हणजे हवा, काढताना डबी भरलेली ठेवा, स्लेव्हच्या निपलवर, म्हणजे हवा काढायच्या बारीक तोटीवर, पारदर्शक नळी चढवून तिचं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवा. मदतनीसानं पेडल सावकाश तीन-चारदा दाबून शेवटी धरून ठेवायचं. निपल अर्धा फेरा उघडा, तेल आलं की घट्ट करा, मगच पेडल सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. पूर्ण तेल बदलायला साधारण पाव लिटर पुरतं. ते रंगावर सांडलं, तर लगेच पाण्यानं धुवा. पेडलकडून मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या पुश रॉडला साधारण मिलीमीटरभर मोकळीक ठेवा. ती नसेल, तर मास्टरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं, उन्हात फुगलेलं तेल वर जाऊ शकत नाही, आणि पेडलला हात-पाय न लावताही प्लेट घसरायला लागते.